बारीक कणीचा दगड

बुधवारी सकाळी बाबांची दाढी करताना वस्तरा जबड्याखाली अडला. अडला म्हणजे फार काही नाही, गुंत्यात कंगवा थबकतो तसा क्षणभर थबकला, आणि तिने नकळत जरा जोर दिला. मग पांढऱ्या फेसातून एक बारीक गुलाबी रेघ वर आली आणि बघता बघता लाल झाली. बाबा हलले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून, न दिसणारे डोळे छताकडे लावून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या त्या न हलण्याचीच तिला भीती वाटली. रक्ताचं तिला काही नव्हतं. बावीस वर्षं ती एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढत होती. दिवसाला चाळीसेक माणसं, रडणारी, तोंड फिरवणारी, शीर न सापडणारी म्हातारी माणसं आणि दंड पुढे करायलाही तयार नसलेली मुलं. तिचा हात इतका हलका की काहीजण "त्या बाई आल्यात का" असं विचारून मगच आत यायचे. पण हाच हात बाबांच्या गळ्याशी आला की बोटांच्या टोकांपासून गार पडत जायचा, आणि तो आपला नाहीच, कोणाचा तरी मागून आणलाय, असं तिला वाटायचं.

"कापलं का?" बाबांनी विचारलं.

"जरासं."

"किती?"

बाबांना प्रत्येक गोष्ट किती ते लागायचं. कारखान्यात त्यांची छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मोजण्यात गेली होती. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा फरक निघाला तरी तो भाग त्यांच्या टेबलावरून परत जायचा, आणि त्याच्याबरोबर तो बनवणाऱ्याचा दिवसही. कामगार त्यांना पाठीमागे मायक्रॉन म्हणायचे. मायक्रॉन आला, मायक्रॉन गेला, मायक्रॉनला आज शिंक आली. आईने एकदा जेवताना हे हसत हसत सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "चूक आहे. मी एक मायक्रॉन मोजत नाही, पाच मोजतो," आणि पुढचा घास घेतला होता. मग कोणीच हसलं नव्हतं.

"दोन मिलिमीटर," ती म्हणाली आणि तुरटीचा खडा ओला करून जखमेवर धरला.

बाबांनी डावा हात पुढे केला. उजवा आठ महिन्यांपूर्वी झटका आल्यापासून मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. डोळे त्याच्या आधीच काचबिंदूने गेले होते, पण नजर गेल्यावरही दोन वर्षं ते आपली दाढी आपणच, चाचपत, एकही ओरखडा न काढता करत होते. हात गेला तेव्हा ते तिच्याकडे आलं. घरी बोलावलेले दोन न्हावी त्यांनी परत पाठवले. एकाचा हात घाईचा होता, दुसऱ्याने वापरून फेकायची पाती आणली होती. विजेच्या यंत्राला ते गवत कापायचं यंत्र म्हणत. तेव्हा दर बुधवारी आणि रविवारी, लॅबला जायच्या आधी, वस्तरा तिच्या हातात.

तिने तो त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठा धारेला आडवा, अगदी अलगद नेला.

"दगड गेला," ते म्हणाले. "मध्ये खोल झाला असणार. तू नेमाने धार लावतेस ना?"

"हो."

"मग दगडच."

ती खोटं बोलली होती. दीड महिना झाला, तिने वस्तरा दगडाला लावलाच नव्हता. सुरुवातीला लावायची. बाबा शेजारी बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, पाठ उचलली गेली, आता दाबतेस, आता बरोबर. वस्तरा दगडावर सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या, धार पुढे ठेवून सरकवायचा, टोकाला गेल्यावर पाठीवर उलटायचा आणि परत आणायचा. असा चाळीस वेळा. मग चामड्याच्या पट्ट्यावर. तिला ते लवकर जमलं, कारण हात तसाच होता, आणि घाबरली ती जमल्यावरच. नीट धार लागलेला वस्तरा बाबांच्या गळ्यावरून जाताना हाताला काहीच कळायचं नाही. सुई कातडीतून जाते तेव्हा तिथे एक दार असतं, ते ढकलावं लागतं, ढकललं की बोटाला कळतं, आत आलो, आता थांब. या वस्तऱ्याला दार नव्हतं. तो नुसता आपल्या वजनाने चालायचा, आणि खाली ती सुरकुतलेली, पातळ, पिवळट कातडी, आणि तिच्याखाली ती जाड शीर, जिचं नाव आणि जागा तिला झोपेतही सांगता आली असती. एके दिवशी तिच्या मनात आलं, किती थोडंसं. बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, इच्छाही नव्हती. रस्त्याने जाताना समोरच्या पाटीवरचं अक्षर वाचलं जावं तसं ते वाचलं गेलं. त्या दिवशी लॅबमध्ये तिने एका बाईच्या हाताला तीन वेळा टोचलं. आणि त्यानंतर धार लावणं राहूनच गेलं. बोथट वस्तरा खरखरायचा, अडायचा, आणि तिला त्या अडण्यातच बरं वाटायचं.

"जुन्या बाजारात हत्यारांची गल्ली आहे," बाबा सांगत होते. "शेवटचं दुकान. शनिवारी अर्धा दिवस असतो ना तुझा? वस्तरा बरोबर ने, त्याला दाखव. बारीक कणीचा दगड. बघून घेऊ नकोस, हात लावून घे. साय लागल्यासारखं वाटलं पाहिजे. आणि शीर असलेला नको."

"चालेल," ती म्हणाली. नवा दगड आणायची गोष्ट या घरात इतक्या सरळपणे, चहा किंवा साबण आणावा तशी, पुष्कळ वर्षांनी निघाली होती आणि तिला ती ऐकवत नव्हती.

गुरुवारी आणि शुक्रवारी तिचं कशात लक्ष लागलं नाही. नळीवर नाव चिकटवताना ती दोनदा दुसऱ्याच माणसाचं नाव चिकटवणार होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, आज तुमचंच रक्त तपासू या का?" तीही हसली, पण तिला दिसत होतं ते जुन्या घरातलं न्हाणीघर. उंच खिडकी, भिंतीत बसवलेली काळी फरशी, तिच्यावर ब्रश, साबणाची वाटी, पट्टा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला पिवळट दगड. दर रविवारी बाबा धार लावून झाली की तिला हाक मारत. ती दाराशी जाऊन उभी राही. ते काही न विचारता तिच्या डोक्यातला एक लांब केस चिमटीत धरून उपटत, तो उजेडात आडवा धरत आणि खालून वस्तरा नुसता टेकवत. केस आवाज न करता दोन होऊन खाली पडे. "जा," ते म्हणत. केस उपटल्याचं दुखायचं नाही फारसं. हाकेची भीती वाटायची. शनिवारी संध्याकाळपासूनच तिच्या डोक्यावर जिथून केस जाणार ती जागा चुरचुरायला लागायची, आणि ती जागा दर वेळी वेगळी असायची.

नऊ वर्षांची होती. शाळेला सुट्टी, आई शेजारी गेलेली, बाबांची पाळी चारला सुटणार. तिला एकदाच, स्वतः, केस तोडून बघायचा होता. तिने बाबांसारखा आधी दगड ओला केला, फरशीवर ठेवला, आपलाच एक केस उपटला. वस्तरा उघडायचं काही धाडस होईना, म्हणून दगडच हातात घेऊन उगीच उभी राहिली. साबणासारखा गुळगुळीत, ओला. तो सुटला कसा ते तिला आजही आठवत नव्हतं. आवाज तेवढा आठवत होता, तो फार मोठा नव्हता. दोन तुकडे झाले होते, एक मोठा, एक छोटा. ती ते दोन्ही फ्रॉकच्या ओच्यात घेऊन बाहेर आली तेव्हा दादा अभ्यासाला बसला होता. तो पंधरा वर्षांचा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, उठला, ओच्यातले तुकडे काढून घेतले आणि म्हणाला, "जा, खेळायला जा." चार वाजता बाबा आल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, माझ्या हातून पडला. ती दाराआड उभी होती. बाबांनी दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहिले, सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बरं."

मारलं नाही, ओरडले नाहीत. फक्त त्या दिवसापासून ते दादाशी बोलायचे थांबले. त्याला सांग, आईला म्हणत. त्याला सांग दिवा घालव. त्याला सांग कारखान्यातून यायला आज उशीर होईल. दादा समोरच जेवत बसलेला असायचा. असं तीन महिने गेले, मग मोजणं तिने सोडलं. पुढच्या वर्षी दादा बंदरावरच्या कामाचं शिक्षण घ्यायला दूर निघून गेला आणि तिथून आणखी दूर, दुसऱ्या देशात. बाबा दारापर्यंतही आले नाहीत. आता तो त्रेपन्न वर्षांचा होता, बंदरावर जहाजांतला माल उचलणाऱ्या अजस्र याऱ्या दुरुस्त करायचा आणि वर्षातून दोनदा फोन करायचा. प्रत्येक वेळी फोन ठेवल्यावर तिला वाटायचं, पुढच्या वेळी सांगेन. काय सांगणार, आणि कोणाला, ते मात्र स्पष्ट नसायचं. लग्न झालं, सात वर्षांनी मोडलं, आई गेली, ती परत बाबांजवळ राहायला आली. एवढं सगळं होऊन गेलं तरी एक ओला दगड अजून तिच्या हातातून सुटतच होता.

शनिवारी लॅब संपल्यावर ती बसने जुन्या बाजारात गेली. वस्तरा रुमालात गुंडाळून, त्यावर रबर लावून, पर्सच्या तळाशी ठेवला होता. बसमध्ये एका बाईचं मूल तिच्या पर्सशी खेळायला लागलं तेव्हा तिने पर्स इतक्या जोरात ओढून घेतली की ती बाई तिच्याकडे बघतच राहिली. आपल्याजवळ काय आहे हे सगळ्यांना कळतंय, असं तिला वाटत होतं. कोणी विचारलं तर काय सांगायचं? वडिलांची दाढी करायची आहे. किती खरं, आणि ऐकायला किती खोटं.

शेवटचं दुकान अरुंद आणि खोल होतं. भिंतीला करवती, छिन्न्या, रंधे, आणि आत दिव्याखाली पंचावन्न-साठीचा दुकानदार कात्रीचा खिळा ठोकत बसलेला. त्याने मान वर न करता विचारलं, "बोला ताई."

"धार लावायचा दगड हवाय."

"कशाला? सुरी? कात्री?"

"वस्तरा."

आता त्याने मान वर केली. "न्हाव्याचं दुकान आहे?"

"नाही. घरी. वडिलांसाठी."

तिने रुमाल सोडला. दुकानदाराने वस्तरा उघडला, डोळ्याला भिंग लावलं आणि दिव्याखाली धार हळूहळू फिरवली. तिला आपल्याच लॅबमधल्या बाकावर बसून निकालाची वाट बघत असल्यासारखं झालं.

"महिना-दीड महिना दगड बघितला नाही याने," तो म्हणाला.

तिचे कान तापले. "हो. म्हणजे, वेळ झाला नाही."

"आणि त्याच्या आधी ज्याच्यावर लावलीत तो खोलगट झालाय. धार लाटेसारखी झालीये, हे बघा." त्याने भिंग पुढे केलं. तिने पाहिलं. चकचकीत पोलादाला बारीक बारीक दात आले होते. "याने दाढी केलीत? कापलं असेल."

"कापलं."

"कापणारच. लोकांना वाटतं बोथट वस्तरा बरा, भीती नाही. पण बोथट असला की माणूस दाबतो. दाबलं की गेलं. भरड दगडाची धार मी इथे करून देतो. तुम्ही शेवटचा तेवढा न्या, बारीक कणीचा." त्याने खालच्या कपाटातून तीन दगड काढून फडक्यावर मांडले. एक पांढरा, कारखान्यात बनवलेला, विटेसारखा नीटनेटका. दोन खाणीतले, एक राखाडी, एक पिवळट. पिवळट दगडाकडे तिने आधी पाहिलंच नाही. दुकानदार एकेक दगड बोटांवर तोलून नखाने वाजवत होता. पांढरा टणटणीत वाजला. राखाडीही. "आतून तडा असला तर थप्प वाजतो," तो म्हणाला. "पांढरा बिनधोक आहे. दर दगड सारखाच. खाणीतल्याचं तसं नाही, एकेकाचा स्वभाव. पाणी टाकतो, हात लावून बघा."

तिने राखाडी दगडावर अंगठा फिरवला. गुळगुळीत होता. पुन्हा फिरवला, जरा तिरपा, आणि थांबली. "इथे काहीतरी आहे."

"काही नाही दिसत."

"दिसत नाही. लागतंय."

दुकानदाराने भिंग लावलं, दगड तिरपा केला, पुसला, परत ओला केला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "शीर आहे. केसाएवढी. चार महिने माझ्याकडे पडलाय आणि मला सापडली नाही. काय काम करता हो?"

"रक्त काढते. लॅबमध्ये."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि मनापासून हसला. तीही हसली. बुधवारपासून पहिल्यांदाच तिच्या खांद्यांतला ताठरपणा जरा उतरला. राहिला तो पिवळट दगड. तिने डोळे मिटून त्यावर अंगठा ठेवला. साय. अडतीस वर्षांपूर्वीची तीच साय. तिचा अंगठा दगडावर होता आणि तळवा घामाने भिजत होता. तिने हात उचलून घेतला. "हा," ती म्हणाली, "हाच द्या."

दुकानदार भरड दगडावर वस्तरा लावायला बसला. चार-सहा हात मारले आणि मधेच थांबून त्याने मूठ उलटी केली. मुठीच्या टोकाशी एक पितळी खिळा होता, बाकीच्यांपेक्षा जरा जाड. "हा मी बसवलाय," तो म्हणाला. "मी. वडिलांच्या हाताखाली होतो तेव्हा. तुमचे वडील कारखान्यात मोजणीला होते का?"

ती हो म्हणाली असावी.

"त्यांना कसा विसरेन. त्या खिळ्यासाठी मला तीनदा परत पाठवलं होतं." वस्तरा पुन्हा दगडावर चालू लागला. "एकदा रुमालात बांधून दगडाचे दोन तुकडे घेऊन आले. असाच दगड, पिवळा. जोडता येईल का. म्हटलं, नाही साहेब, सांध्यावर धार मरेल. ते त्यांनाही माहीत होतं म्हणा, दुसरा घेतलाच त्यांनी. मग मला विचारतात, हा छातीएवढ्या उंचीवरून पडला असता तर किती तुकडे झाले असते? मी म्हटलं, चार-पाच तरी. म्हणजे कमी उंचीवरून पडला ना, म्हणाले. कंबरेएवढ्या. आणि दगडाला वाळलेला एक लांब केस चिकटला होता, तो दाखवला मला. म्हणाले, मुलीने पाडलाय. मुलगा स्वतःवर घेतोय."

दिवा हलला की काय असं तिला वाटलं, पण तो स्थिर होता.

"मी आपला पोरगेला. विचारून बसलो, मग मुलीला काय म्हणालात? म्हणाले, काहीच नाही. बघू या, किती दिवस लागतात तिला." दुकानदाराने धार उजेडात धरली. "ती मुलगी म्हणजे तुम्हीच का?"

"नाही," ती म्हणाली. "माझी धाकटी बहीण."

तिला बहीण नव्हती. तिने पैसे दिले, पुडकं घेतलं आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत नीट चालत आली. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. इतकी वर्षं ती ज्याला भीत होती ते म्हणजे बाबांना कळणं. कळलं तर काय होईल, याच्या पुढे तिची भीती कधी गेलीच नव्हती. आणि बाबांना त्याच आठवड्यात कळलं होतं. त्यानंतरच्या रविवारीही त्यांनी हाक मारली होती, केस उपटला होता, "जा" म्हणाले होते. तिच्या लग्नात ते हॉलच्या दाराशी उभे होते, तेव्हाही त्यांना माहीत होतं. आईच्या आजारपणात दोघं दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास शेजारी बसायची, तेव्हाही. तिने दार नीट लावलं का, दूध तापवलं का, असं ते विचारायचे आणि ती उत्तर द्यायची, तेव्हा प्रत्येक वेळी ते त्या प्रश्नामागून तिच्याकडे बघत होते. म्हणजे अंधाऱ्या खोलीत आपण एकटेच आहोत असं समजून आयुष्यभर वावरावं आणि मग कळावं की कोपऱ्यातल्या खुर्चीत पहिल्यापासून कोणीतरी बसलेलं आहे. हाताची घडी घालून, मोजत.

त्या रात्री ती लवकर आडवी झाली आणि झोपलीही, याचंच तिला सकाळी नवल वाटलं. रविवारी तिने नवा दगड ओला केला, खिडकीशी ठेवला आणि वस्तरा लावला. बाबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी एकदाही टोकलं नाही. पट्ट्यावर फिरवून झाल्यावर तिने त्यांच्या मानेखाली टॉवेल सारला, ब्रशने फेस केला, लावला. हात गार होता, पण हलत नव्हता. तिने उजव्या गालावर वस्तरा टेकवला आणि तो आपल्या वजनाने खाली आला. मागे राहिलेली कातडी लहान मुलासारखी स्वच्छ होती. दाबावं लागलंच नाही. कानाजवळ, गालावर, जबड्याच्या कडेने, बुधवारच्या खपलीला वळसा घालून. उजवी बाजू संपली.

"दगड बरा आहे," बाबा म्हणाले.

तिने वस्तरा पुसला. आपण बोलणार आहोत हे तिला बोलायला लागल्यावर कळलं.

"बाबा, तो जुना दगड माझ्या हातून पडला होता. दादाच्या नाही."

अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस हलला नाही. बाहेर कोणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं.

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"मग दादाशी का बोलणं टाकलंत?"

"खोटं बोलला म्हणून."

"आणि माझ्याशी?"

"तुझ्याशी कुठे टाकलं? तू येऊन सांगशील म्हणून थांबलो होतो."

"अडतीस वर्षं?"

बाबांनी विचार केला. त्यांना आकडा नीट द्यायचा असावा. "नाही. पहिली दोन-तीन वर्षं थांबलो होतो. मग सवय झाली."

तिने वस्तरा मिटला. मिटताना आवाज झाला तेव्हा बाबांची मान किंचित दचकली. आता हा हात त्यांच्या गळ्याजवळ न्यायचा नव्हता. हे भीतीमुळे की दुसऱ्या कशामुळे, तिला सांगता आलं नसतं. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि दादाला फोन लावला. पाचव्या घंटीला त्याने उचलला.

"काय गं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. दादा, तो दगड मी पाडला होता, तू स्वतःवर घेतलास. त्यावरून बाबा तुझ्याशी बोलायचे थांबले. त्यांना सगळं माहीत होतं. आत्ता म्हणाले."

पलीकडे यंत्रांची घरघर होती. "कुठला दगड?" दादा म्हणाला.

तिने सांगितलं. न्हाणीघर, फरशी, ओच्यातले दोन तुकडे, जा खेळायला जा. दादा ऐकत होता.

"असेल," तो शेवटी म्हणाला. "मला आठवत नाही बघ."

"तीन महिने बोलत नव्हते रे ते तुझ्याशी. जास्तच. म्हणून तर गेलास तू."

"बोलत नव्हते?" दादा खरंच आठवत होता, हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं. "अगं, ते बोलायचे कधी? मला वेगळं काही जाणवलंच नसेल. आणि गेलो ते जायचं होतं म्हणून गेलो. मास्तरांनी यारीचं चित्र दाखवलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं." मग जरा थांबून, "तू हे एवढी वर्षं धरून बसलीस?"

ती हसली, आणि हसणं मधेच वाकडं झालं म्हणून तिने तोंडावर हात धरला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "फेस वाळतोय."

"जा," दादा म्हणाला. "रविवारी करतो फोन. म्हणजे आज रविवारच आहे. पुढच्या."

ती परत आली. फेसाला कडेने चिरा पडल्या होत्या. तिने ब्रश गरम पाण्यात बुडवून पुन्हा फेस लावला. डावा गाल, हनुवटी, गळा, वरचा ओठ. बाबांचा चेहरा तिच्याकडे वळला होता, म्हणजे तिच्या आवाजाच्या जागेकडे.

"काय म्हणाला?"

"त्याला आठवत नाही."

"काय आठवत नाही?"

"काहीच. दगड नाही. तुम्ही बोलत नव्हतात ते त्याला कळलंच नव्हतं."

तिने त्यांची मान मागे टेकवली आणि कातडी ताणायला डाव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली ठेवली. सवयीने बोटांनी नाडी शोधली. ती भरभर चालली होती, एकशे दहा, एकशे पंधरा, धावत आलेल्या माणसासारखी. बाबांनी आवंढा गिळला, तो तिच्या बोटांखालून वर गेला आणि खाली आला. त्यांची ही भीती वस्तऱ्याची होती की आणखी कशाची, तिने विचारलं नाही. तिची स्वतःची भीती होतीच, पण आता खोलीत ती एकटी नव्हती. वस्तरा डाव्या गालावरून सावकाश, काही न लागता खाली आला. मग गळा. मग हनुवटीचा खड्डा, जिथे नेहमी दोन केस राहतात.

"पुढच्या रविवारी फोन करणार आहे तो," ती म्हणाली. "तुम्हाला देते."

"मी?" बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचाच का, म्हणून तिने वाकून पाहिलं. "मी काय बोलू त्याच्याशी?"

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आता बोलू नका. वरच्या ओठाशी आलेय."